निरोप आणि दप्तर : दूरच्या चर्चेचा मागोवा घेण्याच्या साधनांचा इतिहास

ज्या ठिकाणी आपण स्वतः हजर नाही तेथे चाललेले बोलणे आपल्यापर्यंत कसे पोचावे, हा प्रश्न राज्यकर्त्यांना, सावकारांना आणि विद्वानांना फार पूर्वीपासून पडत आलेला आहे. त्याची उत्तरे मुळात दोनच संभवतात. एक तर आपण दर वेळी तेथे जाऊन पाहावयाचे, किंवा तेथून निरोप येईल अशी तजवीज करावयाची. आंतरजालावरील चर्चास्थळांमुळे हाच प्रश्न आपल्या काळात नव्या रूपाने उभा राहिला. एखाद्या विषयावरचा धागा कोणी तरी काढतो, त्यावर चार ठिकाणांहून चार जण प्रतिसाद देतात, आणि ज्याला त्या चर्चेत रस आहे त्याला नवा प्रतिसाद केव्हा आला हे कळावे कसे, एवढीच ही अडचण असते. तिच्या निवारणासाठी जी साधने निघाली त्यांपैकी दोन प्रमुख होत : ई-मेलने येणारे सूचनापत्र आणि आरएसएस फीड. (ह्या आद्याक्षरांचा आपल्याकडील सुपरिचित संघटनेशी अर्थातच काही संबंध नाही.) ह्या साधनांचा इतिहास जेमतेम पन्नास वर्षांचा आहे. तथापि निरोप मागविण्याचे आणि थांबविण्याचे अधिकार कोणाच्या हाती असतात, आणि निरोपाची प्रत अखेर कोठे राहते, हे दोन प्रश्न त्यात वारंवार डोके वर काढतात. इतिहासाच्या अभ्यासकाने ते उपेक्षावेत असे नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात यावे म्हणून एक जुने उदाहरण देतो. औरंगजेबाच्या दरबारात दररोज काय घडले, कोण हजर झाले, कोणास काय हुकूम झाला, ह्याची टिपणे फारसीत लिहिली जात. त्यांस अखबारात म्हणत. राजपूत राजांचे वकील दरबारात राहून ह्या टिपणांच्या नकला मिळवीत आणि त्या आपल्या धन्याकडे रवाना करीत. आंबेरच्या राजांकडे येणेप्रमाणे पोचलेल्या नकला जयपूरच्या दप्तरात साठत गेल्या, आणि पुढे सर जदुनाथ सरकारांनी औरंगजेबाचा पंचखंडात्मक इतिहास लिहिताना त्यांचा भरपूर उपयोग केला. सेतुमाधवराव पगडींनी ही बातमीपत्रे मराठी वाचकांच्या हाती दिली. ह्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, मोगल दरबारातले हे बोलणे आपल्याला आज वाचावयास मिळते ते बव्हंशी दरबाराच्या स्वतःच्या दप्तरामुळे नव्हे. ज्यांनी ते ऐकण्यासाठी आपला माणूस तेथे ठेवला होता त्यांच्या दप्तरामुळे मिळते. संगणकीय चर्चांच्या बाबतीत हेच कसे घडले, ते आता क्रमाने पाहू.

संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रावरच्या माणसाने दुसऱ्या यंत्रावरच्या माणसास पत्र पाठविण्याची सोय १९७१ साली रे टॉमलिन्सन ह्या अमेरिकन अभियंत्याने केली. त्याची दोन यंत्रे केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे शेजारीशेजारीच उभी होती, आणि पत्र मात्र अर्पानेट नावाच्या जाळ्यातून फिरून आले. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव ह्यांच्यामध्ये जे चिन्ह आज आपण सर्रास वापरतो त्याची निवडही त्याचीच. पत्राची सोय झाल्यावर एकच पत्र अनेकांस पाठविण्याची कल्पना दूर नव्हती. १९७५ च्या जूनमध्ये ह्याच जाळ्यावर ‘मेसेज ग्रुप’ ह्या नावाने एक टपालयादी सुरू झाली. यादीच्या पत्त्यावर जे पत्र येईल ते प्रत्येक सभासदास जावयाचे, अशी तिची साधी रीत होती. त्या यादीवरचा चर्चेचा विषयही मोठा गमतीचा, म्हणजे संगणकीय पत्र कसे असावे हाच होता.

टपालयादीत चर्चेला स्वतःची अशी जागा नसते. ती प्रत्येक सभासदाच्या पेटीत एकाच वेळी चाललेली असते आणि प्रत्येकाजवळ तिची संपूर्ण प्रत राहते. हा तिचा मोठा गुण. दोष असा की, सभासद वाढले आणि बोलके निघाले म्हणजे पेटी तुडुंब भरते. ह्यावर उपाय म्हणून दिवसभराची पत्रे एकत्र बांधून एकच संकलित अंक पाठविण्याची पद्धत पडली. १९८५ च्या ऑगस्टमध्ये पीटर न्यूमन ह्यांनी संगणकांपासून संभवणाऱ्या धोक्यांविषयी जे चर्चापत्र सुरू केले ते ह्याच संकलित स्वरूपाचे होते. १९८६ साली पॅरिसमध्ये एरिक टोमा ह्या विद्यार्थ्याने ‘लिस्टसर्व्ह’ ही प्रणाली लिहिली. तोपर्यंत यादीत नाव घालण्याचे किंवा काढण्याचे काम कोणा माणसास हाताने करावे लागे. आता सभासदाने ठरावीक शब्दांची आज्ञा पत्राने पाठविली की यंत्र स्वतःच ते करू लागले. कारकुनाच्या मर्जीवाचून यादीत येण्याचा आणि यादीतून जाण्याचा हक्क वाचकास प्रथम मिळाला तो अशा प्रणालींमुळे.

दरम्यान एक निराळाच मार्ग निघाला होता. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस ह्या दोन विद्यार्थ्यांनी, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन ह्यांच्या साहाय्याने, ‘यूजनेट’ची उभारणी आरंभिली. १९८० मध्ये ते इतरांस खुले झाले. अर्पानेटचे दार ज्या विद्यापीठांना बंद होते त्यांच्यासाठी ही गरिबांची सोय होती. एका ठिकाणचा संगणक दुसऱ्यास दूरध्वनी करी, बहुधा रात्री, कारण रात्रीचा दर स्वस्त, आणि आपल्याजवळचा नवा मजकूर त्यास देऊन त्याच्याजवळचा घेई. प्रत्येक संस्थेत चर्चेची एकेक प्रत असे आणि तेथील वाचक ती आपल्या जागी बसून वाची. त्याने काय वाचले आणि काय राहिले ह्याची नोंद एका छोट्या टिपणात ठेवली जाई, आणि हे टिपण वाचकाच्या स्वतःच्या खात्यात असे. नवे काय ते दाखवा आणि वाचलेले पुन्हा पुढे आणू नका, ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी अपेक्षा तेथे प्रथम व्यवस्थितपणे पुरी झाली. मराठी भाषकांचाही एक गट पुढे यूजनेटवर निघाला. त्या काळच्या संकेतप्रणालीत रोमन अक्षरांवाचून दुसऱ्या लिपीस स्थान नसल्यामुळे तेथील मराठी बहुधा रोमन वेषातच वावरे.

टिम बर्नर्स-ली ह्यांचे ‘वेब’ १९९१ साली जगापुढे आले, आणि चर्चा हळूहळू संकेतस्थळांवर जाऊ लागली. रूप सुंदर झाले, चित्रे आली, वाचावयास सोपे झाले, परंतु एका बाबतीत माघार झाली. चर्चेची प्रत आता एकाच मालकाच्या यंत्रावर राहू लागली आणि वाचकास रोज तिचे दार ठोठावणे प्राप्त झाले. दहा ठिकाणी रस असेल तर दहा दारे, आणि त्यांपैकी आठांमागे नवे काही नाही असा अनुभव.

ह्यावरचा पहिला उपाय म्हणजे ई-मेलचे सूचनापत्र. सभासदाने एखाद्या धाग्यावर खूण करून ठेवावयाची, म्हणजे नवा प्रतिसाद येताच त्याच्या पेटीत पत्र येते. ह्या पत्रांचे दोन प्रकार असून त्यांतील फरक महत्त्वाचा आहे. काही पत्रांत नवा प्रतिसाद समग्र येतो. काहींत मात्र ‘आपण पाहत असलेल्या विषयावर नवे उत्तर आले आहे’ एवढेच कळविलेले असते आणि वाचावयाचे तर स्थळी जावेच लागते. २००० साली निघालेली ‘पीएचपीबीबी’ ही फार प्रसार पावलेली चर्चाप्रणाली तर असे एक पत्र पाठवून थांबे, आणि वाचक धाग्यास भेट देऊन येईपर्यंत दुसरे पाठवीत नसे. पेटी भरू नये हा हेतू चांगला. पण पहिल्या प्रकारच्या पत्रामुळे वाचकाजवळ दप्तर साठते आणि दुसऱ्यामुळे केवळ घंटा वाजते, हेही तितकेच खरे.

सूचनापत्राचा दुसरा दोष असा की, त्यासाठी आपला पत्ता स्थळाच्या हवाली करावा लागतो. दिलेला पत्ता परत घेता येत नाही. बिनबोलावलेल्या जाहिरातपत्रांचा इतिहास १९७८ पर्यंत मागे जातो. त्या वर्षीच्या मे महिन्यात एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने अर्पानेटवरील काहीशे लोकांस एकदम जाहिरात पाठविली आणि गहजब झाला. १९९४ मध्ये दोन अमेरिकन वकिलांनी आपली जाहिरात यूजनेटच्या हजारो गटांत टाकली. तेव्हापासून पत्ता देताना माणसाचा हात आखडू लागला, आणि ते साहजिकच होते.

पत्ता न देता निरोप मिळावा कसा? मधल्या काळात मजकूर वाचकाच्या यंत्रावर आपणहून लोटण्याचे प्रयोग झाले. १९९६ सालचे ‘पॉइंटकास्ट’ हे त्यांतले गाजलेले. बातम्या आणि जाहिराती ते संगणकाच्या पडद्यावर आणून सोडी. कचेऱ्यांतील जाळी त्याच्या भाराने तुंबू लागली, पुष्कळ कचेऱ्यांनी त्यास मज्जाव केला, आणि दशक संपण्याच्या सुमारास ते मावळले. ग्राहकाने काय घ्यावयाचे हे धाडणाराच ठरवू लागला की असे होते.

१९९९ च्या मार्चमध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ‘माय नेटस्केप’ ह्या पानासाठी एक साधी योजना काढली. मद्रासच्या आयआयटीत शिकलेले रामनाथन गुहा आणि त्यांचे सहकारी डॅन लिबी हे तिचे कर्ते. प्रत्येक संकेतस्थळाने आपल्या नव्या मजकुराची एक यादी ठरावीक पद्धतीने लिहून एका जागी ठेवावयाची, एवढीच ती योजना. हीच आरएसएस होय. यादीतील प्रत्येक नोंदीत मथळा, दुवा आणि थोडा गोषवारा असतो. पुढील आवृत्त्यांत तारीख आणि प्रत्येक नोंदीची स्वतंत्र ओळखखूण ह्यांची भर पडली. वाचकाची प्रणाली तासा-अर्ध्या तासाने ती यादी मागविते, आपल्याजवळच्या खुणांशी ताडून पाहते आणि नवे तेवढे पुढे ठेवते. यादीत काही बदल नसेल तर ‘बदल नाही’ एवढेच उत्तर स्थळाकडून येते, त्यामुळे भारही पडत नाही. ह्या व्यवस्थेत स्थळाला वाचकाचे नाव ठाऊक नसते, पत्ताही नसतो. वाचकास कंटाळा आला तर त्याने मागविणे थांबवावे. कोणास राजीनामा द्यावयास नको. निरोप दुसऱ्याचा, पण हरकारा आपला, असे त्याचे स्वरूप आहे.

अशा निरुपद्रवी वस्तूवरूनही मोठा वाद माजला. गुहा लवकरच नेटस्केप सोडून गेले. लिबींनी त्याच वर्षीच्या जुलैत योजना सोपी केली. पुढे नेटस्केपच्या नव्या मालकांचे तिच्याकडे दुर्लक्ष झाले आणि २००१ मध्ये त्यांनी आपल्या पानावरून तिला काढूनही टाकले. पोरके झालेले हे मूल दोन घरांत वाढू लागले. ‘युजरलँड’चे डेव्ह वायनर हे सोपेपणाचे कैवारी होते. दुसऱ्या पक्षास मूळची शास्त्रीय मांडणी परत हवी होती. ह्या दुसऱ्या पक्षाने २००० च्या डिसेंबरात ‘१.०’ ही आवृत्ती काढली, आणि तिच्या कर्त्यांत चौदा वर्षांचा एक मुलगा होता, ॲरन स्वार्ट्झ. वायनरांनी २००२ च्या सप्टेंबरात ‘२.०’ ही आवृत्ती काढली. दोहोंचे वंश निरनिराळे असूनही आकड्यांवरून पहिलीची पुढची पायरी दुसरी असावी असा समज होई, आणि गोंधळ वाढे. २००३ मध्ये वायनरांनी आपल्या आवृत्तीचे हक्क हार्वर्ड विद्यापीठातील बर्कमन केंद्राकडे सुपूर्द करून ती सर्वांस मोकळी केली. त्याच वर्षी वादाला कंटाळलेल्या तिसऱ्या मंडळींनी ‘ॲटम’ नावाची नवी पद्धत आखावयास घेतली आणि २००५ च्या डिसेंबरात ती रीतसर मानक ठरली. वाचकांच्या प्रणालींनी शहाणपणा केला. त्या सर्वच बोली समजू लागल्या. वस्तू कोणा एकाच्या मालकीची राहिली नाही, हेच पुढे तिच्या दीर्घायुष्याचे कारण ठरले.

मराठीच्या दृष्टीने ह्या योजनेचा एक लाभ विशेष नमूद केला पाहिजे. आरएसएस ज्या ‘एक्सएमएल’ ह्या लेखनपद्धतीवर उभी होती ती १९९८ साली मान्य झाली, आणि तिच्या नियमांत युनिकोड समजणे बंधनकारक होते. युनिकोडमध्ये देवनागरीस १९९१ पासून स्थान होते. त्यापूर्वी मराठी संकेतस्थळे निरनिराळे ठसे वापरीत. तो ठसा वाचकाजवळ नसेल तर मजकुराचा अर्थहीन अक्षरांचा ढीग होई. फीडने आणलेला मथळा मात्र कोणत्याही वाचक-प्रणालीत देवनागरीतच उमटू शके. १९९६ च्या गणेशचतुर्थीस सुरू झालेले ‘मायबोली’ आणि पुढील दशकातील ‘मनोगत’, ‘मिसळपाव’, ‘उपक्रम’ ह्यांसारखी स्थळे ज्या मंडळींनी गजबजविली त्यांत पुण्या-मुंबईच्या लोकांबरोबर अमेरिकेत आणि आखातात राहणारेही होते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना अशा साधनांची किंमत वेगळी समजावून सांगावयास नको. ज्या गावी मराठी ग्रंथालयाची पायरी चढणारे मोजके, तेथे दूरच्या चर्चेचा निरोप वेळेवर येणे म्हणजे भाषेशी संबंध चालू राहणे होय.

२००५ च्या ऑक्टोबरात गूगलने ‘रीडर’ ही वाचक-प्रणाली फुकट उपलब्ध केली. ती उत्तम होती, आणि तिच्यापुढे इतर प्रणाली निस्तेज झाल्या. पुढच्याच वर्षी फेसबुकने ‘न्यूज फीड’ आणले. नाव फीडचेच, पण रीत उलटी. काय आधी दिसावे आणि काय दिसूच नये हे कालांतराने तेथे वाचकाच्या निवडीपेक्षा मालकाच्या गणिताने ठरू लागले. लोक तिकडे वळले. २०१३ च्या मार्चमध्ये, वापर घटल्याचे कारण देऊन, गूगलने रीडर बंद करण्याचे जाहीर केले आणि १ जुलै रोजी ते बंद केले. पुढे फायरफॉक्सनेही २०१८ च्या अखेरीस आपली फीडची सोय काढून टाकली. तेव्हा आरएसएस संपली असे पुष्कळांनी म्हटले. वस्तुतः एक दुकान बंद झाले होते, रस्ता मोकळाच होता. वाचकांनी आपल्या याद्या उचलून दुसऱ्या प्रणालींत नेल्या. ध्वनिमुद्रित कार्यक्रमांचे जे पॉडकास्ट आज घरोघर ऐकले जातात त्यांचे वितरणही मुख्यतः आरएसएसनेच होते, जरी ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असते.

आता प्रारंभीच्या दप्तराच्या प्रश्नाकडे वळू. यूजनेटवरची पहिल्या दशकातील चर्चा आज उपलब्ध आहे ती कोणा मध्यवर्ती कार्यालयाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील हेन्री स्पेन्सर ह्यांनी आपल्या यंत्रावर येणारा मजकूर १९८१ पासून १९९१ पर्यंत चुंबकीय फितींवर उतरवून ठेवला होता. १४१ फिती आणि वीस लाखांहून अधिक संदेश एवढा तो संग्रह. पुढे तो गूगलने मिळविलेल्या ‘डेजा न्यूज’च्या संग्रहास जोडला गेला आणि २००१ च्या डिसेंबरात सर्वांस खुला झाला. जयपूरच्या दप्तरात अखबारात टिकले त्यात आणि टोरांटोच्या फितींत जातीचा भेद मला दिसत नाही.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. ‘याहू ग्रुप्स’वर जगातील असंख्य मंडळांच्या चर्चा साठल्या होत्या. २०१९ च्या ऑक्टोबरात मजकूर काढून टाकण्याची घोषणा झाली आणि २०२० च्या डिसेंबरात ती सेवाच बंद पडली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढे वाचविता आले तेवढे वाचविले. बाकीचे, ज्या सभासदांनी प्रत्येक संदेश ई-मेलने मागविला होता त्यांच्या पेट्यांत असले तर असेल. ज्यांनी फक्त स्थळावर जाऊन वाचले त्यांच्याजवळ काही उरले नाही.

आरएसएस ह्या बाबतीत निर्दोष आहे असे म्हणता येत नाही. यादीत शेवटच्या मोजक्याच नोंदी असतात. १९९९ च्या जुलैतील आवृत्तीत तर पंधरांचीच मर्यादा होती. महिनाभर मागविले नाही तर मधले हुकते. अनेक स्थळे गोषवाराच देतात, कारण वाचक जाहिरातींपर्यंत यावा अशी त्यांची इच्छा असते, आणि स्थळ चालविण्यास पैसा लागतो हेही नाकारता येत नाही. सभासदांपुरत्याच असलेल्या चर्चा फीडमधून सहसा जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. ई-मेल आणि फीड ह्यांपैकी एक श्रेष्ठ व दुसरे कनिष्ठ असा निवाडा म्हणूनच संभवत नाही. ज्या मोजक्या चर्चांत आपण स्वतः बोलत आहो आणि ज्यांचा शब्द न् शब्द जपावयाचा आहे तेथे समग्र मजकुराचे पत्र मागवावे; ज्या अनेक ठिकाणी केवळ कान द्यावयाचा आहे तेथे फीड ठेवावे. दोहोंतही मागविणारा आणि थांबविणारा आपणच असावे, आणि हाती आलेली प्रत आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावी.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठी भाषकांनी आंतरजालावर शुद्धलेखनापासून पाककृतींपर्यंत आणि इतिहासापासून कवितेपर्यंत जे वाद घातले, जी माहिती एकमेकांस पुरविली, ते ह्या काळाच्या मराठी मनाचे फार मोठे साधन आहे. ते छापील नाही, त्यामुळे आपल्या ग्रंथालयांच्या नोंदवह्यांत त्यास जागा मिळालेली नाही. स्थळे चालविणाऱ्यांवर त्याचे सारे ओझे टाकून स्वस्थ बसणे इतिहासाच्या अनुभवास धरून होणार नाही. मालक बदलतात, खर्च परवडेनासा होतो, आणि एखाद्या सकाळी दार उघडत नाही. आपल्या प्रत्येक मराठी संस्थेने दोन-चार चर्चास्थळांचा नियमाने मागोवा घेण्याचे काम एखाद्या तरुण सभासदाकडे सोपवावे, स्थळचालकांच्या संमतीने मजकुराची प्रत वर्षावर्षाची वेगळी बांधून ठेवावी, आणि स्थळचालकांनीही समग्र मजकुराचे फीड चालू ठेवावे, एवढी सूचना येथे करावीशी वाटते. त्यास खर्च फारसा नाही. चिकाटी मात्र लागेल. जयपूरच्या दप्तरातील कारकुनांस आपण जपून ठेवलेल्या कागदांवरून पुढे कोणी बादशहाचा इतिहास लिहील ह्याची कल्पना नव्हती. त्यांनी आलेला कागद नीट बांधून जागच्या जागी ठेवला, आणि तेवढे पुरले.